धक्का

वेझर नदी जिथे समुद्राला मिळते
तिथे, ब्रेमरहाफेनला, एकाच धक्क्यावर दोन रांगा असतात.
डावीकडे अमेरिकेला जायच्या गाड्या,
पांढरं प्लास्टिक पांघरलेल्या;
आत बसलं की वास येतो, अजून कुणाचंच नसल्याचा.
उजवीकडे अमेरिकेहून आलेले रणगाडे,
वाळूच्या रंगाचे,
इथे चहूकडे चिखल.

मधे मी. व्हीब्के टाडेन, मोजणी कारकून,
एकोणीस वर्षं.
टॅबलेट दिलाय, पण पावसात तो बोट ओळखत नाही.
म्हणून पेन्सिल.

परवा पहाटे दर बदलला.
कुणी, का, ते बातम्यांत होतं.
आमच्यापर्यंत आला तो नुसता आकडा,
आणि एक हजार चारशे बारा गाड्या
जहाजाच्या तोंडाशी अडल्या,
मानपानावरून मांडवाच्या दारात
रुसून बसलेल्या वऱ्हाडासारख्या.
तीन दिवसांत सीगल पक्ष्यांनी
प्रत्येकीवर आपापलं शिक्कामोर्तब केलं.

रणगाड्यांना जकात नाही.
साठ-साठ टन उतरतात फळीवरून,
आणि धक्का दातओठ खाऊन सोसतो.
कागदावर लिहायचं : मित्रराष्ट्राचा माल.
गाड्यांच्या कागदावरही
राष्ट्र तेच. मित्र हा शब्द तेवढा नाही.

सार्जंट लूरीन पेटवे ओहायोची,
भट्टी विझलेल्या एका पोलादी गावची.
"दर वाढला तेव्हा बाबांनी फोनवर टाळी वाजवली,"
ती म्हणाली, आणि खाली पाहिलं,
माझ्या अंगणात खरकटं सांडल्यासारखं.
मला राग यायला हवा होता.
मी विचार करत बसले,
एका हातात फोन, मग टाळी वाजली कशी?
मांडीवर बहुधा.
म्हाताऱ्याची मांडी, रिकामं स्वयंपाकघर.

रात्रपाळीला ओनो चहा करतो, त्याच्या मुलखातला :
तळाशी खडीसाखर, वरून साय, ढवळायचा नाही.
सार्जंटने ढवळला.
ओनो काही बोलला नाही. खिडकीकडे पाहत राहिला.

दोन वाजता ओहोटी लागली
आणि सातवा रणगाडा फळीच्या मध्यावर बंद पडला.
पाणी उतरतंय, जहाज उतरतंय,
फळीचा उतार मिनिटागणिक बदलतोय,
आणि ओढायच्या कडीचा बोल्ट तुटलेला.
गाड्यांचे ड्रायव्हर धावले,
तीन दिवस पत्ते कुटत बसलेले.
आमचे बोल्ट मिलिमीटरचे,
त्यांची भोकं इंचाची.
कुठलाच बसेना.

ओनोनं डबा आणला.
दूध-पावडरचा, सत्तेचाळीस सालचा,
त्याच्या आईला बोटीवरून मिळालेला.
अक्षरं केव्हाच गेली.
आई म्हणे, हे दान नव्हे, उसनं.
किती, आणि फिटलं केव्हा,
तिनं कुठे लिहिलं नाही.
आत त्याच्या बापानं जमवलेले बोल्ट,
अमेरिकन गोदामात हमाली करताना खिशात राहिलेले.
"राहिलेले," ओनो म्हणाला,
त्या शब्दावर जरा रेंगाळत.

इंचाचा एक निघाला. गंजका.
बसला नाही, बसवला.
हातोड्याचे अकरा घाव, मी मोजले,
मोजायची सवय.
मग चौदा ड्रायव्हर, एक ट्रॅक्टर, एक सार्जंट,
आणि साखळीवर कुणाचा हात कुणाचा
ते हातमोज्यांमुळे कळत नव्हतं.

सकाळी रणगाडा रेल्वेवर चढून पूर्वेला गेला,
ओनोच्या बापाचा बोल्ट घेऊन.
आता त्याची नोंद कुठे करू?
आयात म्हणावी तर आला माझ्या जन्माआधी.
निर्यात म्हणावी तर दर कुठला लावू?
शेरा लिहिला, खोडला.
सार्जंटनं विचारलं, "काही देणं लागते का मी?"
ओनो म्हणाला, "पुढच्या वेळी ढवळू नकोस."

गाड्या उभ्याच आहेत. आज चौथा दिवस.
वारा प्लास्टिकच्या आत शिरून
एकेकीला फुगवतो, सोडतो.
किल्ल्या आतच आहेत.
इथे त्या नेहमी आतच ठेवतात.